सप बोर्डाचा ‘सगळं एकाच खोक्यात’ संच: बोर्ड ठेवा, वल्हं बदला

निकाल आधी सांगते, कारणं मग. सप म्हणजे स्टँड-अप पॅडलबोर्ड, पाण्यावर उभं राहून वल्हवायचा बोर्ड. हवा भरायचा १० फूट ६ इंची बोर्ड, तीन तुकड्यांचं वल्हं, हातपंप, फिन (बोर्डाच्या तळाला लावायचा कल्ला), लीश (बोर्ड पायाला बांधायची दोरी) आणि पाठीवर घ्यायची बॅग असा संच एका खोक्यात येतो. त्यातला बोर्ड चांगला आहे. पंप अर्ध्या लोकांच्याच कामाचा आहे, लीश फक्त साचलेल्या पाण्यात चालते आणि वल्हं पहिल्या आठवड्यात बाजूला ठेवावं असं आहे. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण नेमका हाच संच रंग आणि नक्षी बदलून वेगवेगळ्या नावांनी विकायला असतो. नावापेक्षा आकडे बघा, म्हणजे तुमच्यासमोर आलेला संच ह्याच जातीचा आहे का ते कळेल: लांबी १० फूट ६ इंच, रुंदी ३२ इंच, जाडी ६ इंच, घनफळ ३०० लिटरच्या आसपास, बोर्डाचं वजन ९ किलो, १५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा, अ‍ॅल्युमिनियमचं वल्हं.

वापरणारे आम्ही दोघं. मी ६२ किलो, उंची १६० सेंटिमीटर, डाव्या खांद्याचं जुनं दुखणं. नवरा ९४ किलो आणि १८३ सेंटिमीटर. तब्येतीने इतकी वेगळी दोन माणसं एकच बोर्ड वापरतात तेव्हा त्याचे गुणदोष पटापट बाहेर येतात, म्हणून हे आकडे आधीच दिले.

सुरुवात बोर्डापासून. खोक्यावर ‘वजनक्षमता १५० किलो’ असं ठळक छापलंय. हा आकडा तरंगण्याचा आहे, उभं राहण्याचा नाही. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, त्यामुळे ३०० लिटरचा बोर्ड १५० किलोच्या माणसालाही बुडू देणार नाही, हे बरोबरच आहे. पण आपण बोर्डाच्या मधोमध उभे राहतो, आणि सगळा भार दोन पावलांवर येतो. तिथे बोर्डाला किती झोळ पडतो ह्यावर सगळं ठरतं. झोळ पडला की पुढचं आणि मागचं टोक वर उचललं जातं, मधला भाग पाणी ढकलत चालतो, आणि वल्ह्याच्या प्रत्येक ओढीबरोबर बोर्ड गुडघ्याखाली हिंदकळतो. तुम्ही दमता आणि बोर्ड हलत नाही.

हे घरीच तपासता येतं. बोर्डात पूर्ण हवा भरून दोन टोकं दोन भक्कम स्टुलांवर ठेवली, मध्ये साधारण दोन मीटर अंतर सोडलं, काठीवर खूण करून मधोमध एकेक जण उभे राहिलो. १५ पीएसआयवर माझ्या वजनाने अडीच सेंटिमीटर झोळ पडला, नवऱ्याच्या वजनाने साडेचार. हवा १२ पीएसआयवर आणली तर त्याच्या पायाखालचा झोळ थेट सहावर गेला. माझ्या बाबतीत मात्र १२ आणि १५ मधला फरक काठीवर दिसला, पाण्यावर फारसा जाणवला नाही. म्हणजे १५ पीएसआयचा आग्रह ९४ किलोच्या माणसाने धरावाच, माझ्यासारखीने १३वरही खुशाल जावं. विकत घेण्याआधी हा प्रयोग करता आला तर जरूर करा. दुकानदार नाक मुरडेल, मुरडू दे.

जाडी ६ इंच आहे ना, हे डोळ्यांनी बघून घ्या. ४ इंच जाडीचे बोर्डही मिळतात, हलके असतात, घडीही छोटी होते, पण मोठ्या माणसाखाली ते वाकतात. लहान मुलांसाठी किंवा अगदी हलक्या माणसासाठी ठीक.

आता आतली रचना. वरचं आणि खालचं कापड हजारो पॉलिएस्टर धाग्यांनी एकमेकांना बांधलेलं असतं, म्हणून हवा भरल्यावर बोर्ड फुग्यासारखा गोल न होता सपाट राहतो. ह्याला ड्रॉप-स्टिच म्हणतात. कल्पना जुनी आहे. गुडइयर कंपनीने १९५६ साली हवा भरून फुगवायचं एक छोटं विमान उडवलं होतं, त्याच्या पंखांचं कापड ह्याच तत्त्वावर होतं. ज्या कापडावर विमान उडलं त्यावर आपण उभं राहायला हरकत नाही, एवढा दिलासा मी स्वतःला दिला. त्या कापडावर पीव्हीसीचा थर असतो. एकच थर असेल तर बोर्ड हलका आणि स्वस्त, पण लवकर वाकतो. दोन थर हाताने चिकटवलेले असतील तर मजबूत, पण पाठीवर घेतल्यावर जाणवतं. कारखान्यातच उष्णता देऊन थर एकजीव केलेला असेल तर हलकाही आणि ताठही. आमचा ह्या तिसऱ्या प्रकारचा आहे, आणि ९ किलोला एवढा ताठ बोर्ड मिळाला ह्याचं श्रेय द्यायलाच हवं. खोक्यावर ‘मिलिटरी ग्रेड’ असंही लिहिलंय. कुठल्या सैन्याची कुठली ग्रेड ते लिहिलेलं नाही.

रुंदीबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण नवख्याला सगळे एकच सल्ला देतात: रुंद घे, स्थिर राहील. ३२ इंचांवर मी पहिल्या दिवसापासून उभी राहू शकले, त्याबद्दल तक्रार नाही. पण बुटक्या माणसाला रुंद बोर्डाची किंमत खांद्यांनी मोजावी लागते. वल्हं पाण्यात उभं जायला हवं, बोर्डाच्या कडेला लगटून. बोर्ड जितका रुंद तितका वरचा हात बाहेर न्यावा लागतो. माझा हात तिथपर्यंत पोचेपर्यंत वल्हं तिरकं होतं, आणि तिरक्या वल्ह्याने बोर्ड पुढे जाण्याऐवजी वळत राहतो. मग तीन हात उजवीकडे, तीन डावीकडे अशी कसरत. ३४ इंचांचा एक बोर्ड मी ओळखीच्यांकडून मागून चालवून पाहिला, अर्ध्या तासात मान धरली. माझ्या उंचीला ३० किंवा ३१ इंच पुरेत. नवऱ्याला ३२ इंच कमी पडतात, त्याला ३३-३४ हवेत. एकाच घरात दोन उत्तरं. तरीही दुकानात ‘लेडीज बोर्ड’ म्हणून फिकट गुलाबी रंगाचा ३४ इंची बोर्ड पुढे करतात.

पुढचं टोक गोल आहे, म्हणजे हा सगळ्यातलं थोडं थोडं करणारा बोर्ड. वळतो पटकन, सरळ रेषेत तितकासा जात नाही. तळ्याकाठाने रमतगमत फिरायचं, मुलाला पुढे बसवायचं, क्वचित छोट्या लाटेवर गंमत करायची, तर हाच घ्या. लांब पल्ला मारायचा असेल तर १२ फूट ६ इंची, टोकदार नाकाचा टूरिंग बोर्ड वेगळाच असतो. तो पाणी कापत जातो. टणक बोर्डांबद्दल एवढंच: फोमच्या गाभ्यावर फायबरग्लास आणि इपॉक्सीचा थर दिलेले हे बोर्ड पाण्यावर जास्त चपळ वाटतात, पण ते ठेवायला जागा आणि न्यायला गाडीचं टप लागतं. शिवाय कुठे आपटून पोचा पडला, तर तो बुजवेपर्यंत आतला फोम पाणी शोषतो. माझ्याकडे जागा नाही, विषय संपला.

आता पंप. इथे खोक्याने माझी फसगत केली असं म्हणणार नाही, पण हिशेब मात्र कुणी सांगत नाही, म्हणून मी मांडते. ३०० लिटरच्या बोर्डात १५ पीएसआय हवा भरायची म्हणजे बाहेरची जवळजवळ ६०० लिटर हवा आत कोंबायची. एका दाबाला दोन लिटर जाते असं धरलं तर तीनशे दाब. हे आकडे घाबरवणारे नाहीत, पहिले दोनशे तर गप्पा मारत होतात. खरी मेख शेवटी आहे. ह्या पंपाच्या नळकांड्याचा आतला व्यास मी मोजला, ९ सेंटिमीटर. म्हणजे दट्ट्याचं क्षेत्रफळ सुमारे ६४ चौरस सेंटिमीटर. १५ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला किलोभरापेक्षा थोडा जास्त दाब. गुणाकार करा: दट्ट्या खाली न्यायला साधारण ६७ किलो जोर लागतो. माझं वजन ६२! दोन्ही पाय उचलून अख्खी लटकले तरी शेवटचा दाब खाली जाणं शक्य नाही. आणि खरंच, काटा १३ वर आला की पंप थांबतो, मी वर आणि दट्ट्याही वर. व्यायाम कमी पडतोय, ताकद नाही, असली सगळी भाषणं इथे बाद होतात. हा भूमितीचा प्रश्न आहे. ७ सेंटिमीटर व्यासाच्या पंपाला त्याच दाबाला ४० किलो पुरतात. दाब जास्त मारावे लागतील एवढंच. हलक्या माणसांनी बारीक नळकांड्याचा पंप मागावा, दुहेरी-तिहेरी ‘अ‍ॅक्शन’च्या जाहिरातीकडे बघूही नये.

दुहेरी अ‍ॅक्शनचं एक सांगून ठेवते. सुरुवातीला दांडा वर ओढतानाही हवा जाते, खाली दाबतानाही. अर्ध्या वाटेवर जड झालं की झाकणाची छोटी खुंटी काढून एकेरीवर आणायचं. आणि काटा बराच वेळ शून्यावरच बसलेला असतो. पंप बिघडलेला नसतो, बोर्ड आकाराला येईपर्यंत दाब असा तयारच होत नाही. नवऱ्याने पहिल्या दिवशी तक्रारीचा फोन लावायला घेतला होता, तेवढ्यात काटा हलला.

शेवटी मी गाडीच्या १२ व्होल्ट सॉकेटवर चालणारा विजेचा पंप वेगळा घेतला. आकडा ठरवून बटण दाबलं की दहा-बारा मिनिटांत काम होतं, आवाज भयंकर करतो. त्यातून येणारी हवा गरम असते, त्यामुळे बोर्ड पाण्यावर टेकला की हवा थंड होऊन दाब उतरतो. काठावर १५ दिसले म्हणून पाण्यातही १५ राहतील असं नाही. उलटा प्रकार उन्हात होतो. २५ अंशांना १५ पीएसआय भरलेला बोर्ड उन्हात पडून ५५ अंशांवर गेला तर दाब १८ च्या आसपास पोचतो. चांगला बोर्ड तेवढ्याने फुटत नाही, पण जोडांवर ताण येतो आणि वरचं फोमचं पॅड कडेने सुटायला लागतं. आम्ही पाण्याबाहेर आलो की सावलीत ठेवतो, सावली नसेल तर थोडी हवा सोडतो.

व्हॉल्व्हची पिन तेवढी समजून घ्या. पिन वर असताना हवा आत जाते, बाहेर येत नाही. पिन दाबून फिरवली की खालीच अडकते, मग हवा मोकाट. पिन खाली असताना पंपाची नळी काढली तर तीनशे दाबांची मेहनत दोन श्वासांत बाहेर, आणि आवाज असा की आजूबाजूचे सगळे बघतात. हे कुणाच्या हातून झालं ते मी लिहिणार नाही असं कबूल केलंय.

वल्हं. इथे मी एकच तारा देते, तोही बोर्डाबरोबर फुकट आलं म्हणून.

अ‍ॅल्युमिनियमचा दांडा, प्लॅस्टिकचं पातं. तराजूवर ११५० ग्रॅम भरलं. हातात घेतलं की जड वाटत नाही, दुकानात तर मुळीच नाही. पण एका किलोमीटरला साधारण चारशे वेळा वल्हं पाण्यातून उचलून पुढे न्यावं लागतं. मी नंतर घेतलेलं कार्बन दांड्याचं वल्हं ७२० ग्रॅमचं आहे. फरक ४३० ग्रॅम, गुणिले चारशे, म्हणजे दर किलोमीटरला १७२ किलो कमी उचलायचं. ज्याचा खांदा दुखतो त्याला हा हिशेब पुन्हा समजवावा लागत नाही.

पात्याचा आकार त्याहून वाईट. ११० चौरस इंचांचं रुंद पातं लावलंय, मोठं म्हणजे चांगलं ह्या समजुतीने. मोठं पातं एका ओढीत जास्त पाणी पकडतं, म्हणजे प्रत्येक ओढ जड जाते आणि तो झटका सरळ खांद्यात येतो. माझ्या वजनाच्या माणसाला ८० ते ८५ चौरस इंच भरपूर झाले. हात थोडे जलद मारायचे. नवरा ९५ च्या पात्यावर खूश आहे.

दांड्याचे तीन तुकडे एकमेकांत बसतात, त्या सांध्यात किंचित हलतात. प्रत्येक ओढीच्या सुरुवातीला बारीक ‘टक्’ होतं. पहिल्या दिवशी कानाआड करता येतं. नंतर त्याशिवाय दुसरं काही ऐकू येत नाही. उंची जुळवायच्या क्लिपखाली वाळूचे कण गेले की आतली नळी अडकते, म्हणून दर वेळी तुकडे सुटे करून गोड्या पाण्याने धुवावे लागतात. अ‍ॅल्युमिनियम हाताला काळपट लागतं, उन्हात तापतं. आणि सांध्यातून आत पाणी शिरलं की हे वल्हं तरंगायचं नाव घेत नाही. पाण्यात टाकून बघा, काठावर, गुडघाभर पाण्यात. आमचं आधी दांड्याकडून कललं, मग सावकाश तळाशी गेलं. ज्या वस्तूशिवाय परत येता येत नाही ती बुडणारी असू नये, इतकी माझी माफक अपेक्षा.

लांबी किती ठेवायची? आपल्या उंचीपेक्षा १५ ते २५ सेंटिमीटर जास्त. मी १८० वर ठेवते, खांद्यामुळे त्याहून जास्त नाही. वल्हं लांब असलं की वरचा हात डोक्याच्या वर जातो, आणि दुखरा खांदा तिथेच बोंब मारतो. खरेदी करताना सर्वांत कमी लांबी किती होते ते विचारा; ह्या संचातलं १६५ पर्यंत येतं, बुटक्यांना आणि मोठ्या मुलांना चालेल.

पातं दांड्याशी सरळ रेषेत नसतं, साधारण दहा अंशांनी पुढे झुकलेलं असतं. हा झुकाव आपल्यापासून दूर, पुढच्या टोकाकडे असायला हवा. बहुतेक नवखे उलटं धरतात, कारण पात्याचा खोलगट भाग आपल्याकडे असला की पाणी जास्त ओढलं जाईल असं वाटतं. प्रत्यक्षात ओढीच्या शेवटी ते पातं डावासारखं पाणी वर उचलतं आणि बोर्डाचं मागचं टोक खाली दबतं. संचाबरोबरच्या माहितीपत्रकात ह्याचा एक शब्द नाही. त्यावरच्या चित्रातल्या हसऱ्या बाईनेसुद्धा वल्हं उलटंच धरलंय.

फिनबद्दल थोडं. मधली मोठी फिन ९ इंचांची आहे, सरकवून बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पिनेने अडकवायची. पाना लागत नाही ही सोय, पण ह्या खाचेत ह्याच आकाराची फिन बसते. लांब खाच आणि स्क्रू असलेला तो जुना ‘यूएस बॉक्स’ असता, तर कुठल्याही कंपनीची फिन लावता आली असती, शिवाय पुढेमागे सरकवता आली असती. मागे नेली की बोर्ड सरळ जातो, पुढे आणली की चटकन वळतो. पुढच्या वेळी यूएस बॉक्स नसेल तर मी बोर्ड घेणार नाही, इतकी ही बाब मला महत्त्वाची वाटते. ९ इंची फिन उथळ पाण्यात तळाला टेकते. बोर्ड जागीच थांबतो आणि माणूस पुढे जातच राहतो. पाणी कमी असेल तिथे आखूड फिन हवी, पाणवनस्पती असतील तिथे मागे तिरकी झुकलेली, म्हणजे गवत अडकून राहत नाही. बाजूच्या दोन छोट्या मऊ फिन बोर्डाला कायमच्या चिकटवलेल्या आहेत, घडी करताना दुमडतात आणि वाकड्या होतात. गरम पाण्यात भिजवलेलं फडकं थोडा वेळ गुंडाळून ठेवायचं, मग सरळ करून थंड होईपर्यंत धरायचं. सरळ होतात.

लीशबद्दल मात्र गंमत नाही. लीश म्हणजे तुम्हाला आणि बोर्डाला बांधणारी दोरी. पाण्यात पडल्यावर बोर्ड वाऱ्यावर निघून जातो, आणि हवेचा बोर्ड तर इतका हलका की पोहून गाठणं जमेलच असं नाही. लीश असली की तोच बोर्ड तुमचा तराफा असतो. संचात टेलिफोनच्या वायरसारखी गुंडाळलेली, घोट्याला बांधायची लीश आहे. साचलेल्या पाण्यात ती उत्तम: पाण्यात ओढली जात नाही, पायात येत नाही. मी घोट्याऐवजी गुडघ्याखाली बांधते, बोर्डावर मागे-पुढे सरकताना पायाखाली येत नाही.

वाहत्या नदीत मात्र हीच लीश जीव घेऊ शकते. दोरी फांदीत किंवा दगडात अडकली की प्रवाह माणसाला खाली दाबतो, आणि त्या दाबाविरुद्ध वाकून घोट्यापर्यंत हात पोचत नाही. तिथे कमरेच्या पट्ट्याला जोडलेली, एक गोळा ओढला की सुटणारी लीशच हवी. लाटांमध्ये तिसराच प्रकार, सरळ आणि बोर्डाइतकी लांब, कारण गुंडाळलेली लीश ताणली गेली की बोर्ड उसळून अंगावर येतो. माझ्या संचाच्या खोक्यावर एकीकडे नदीत वल्हवणाऱ्या माणसाचा फोटो आहे आणि आत घोट्याची लीश. ह्यासाठी मी एक तारा कमी करते, आणि विक्रेत्याला तसं लिहिलंही. उत्तर आलं की लीश ‘सर्व प्रकारच्या पाण्यासाठी योग्य’ आहे. ते उत्तर वाचून आणखी एक तारा कमी केला.

लाइफ जॅकेट संचात नाही, आणि नसलेलंच बरं. ते अंगावर घालून बघूनच घ्यावं. अमेरिकेच्या कोस्ट गार्डने २००८ सालीच पॅडलबोर्डला पोहण्याच्या आणि सर्फिंगच्या हद्दीबाहेर ‘नौका’ ठरवलं, म्हणजे तिथे जॅकेट जवळ हवंच. तुमच्याकडचा नियम काय ते बघा, पण नियम नसला तरी घाला. पोहता येणाऱ्यांसाठी ५० न्यूटन तरंगशक्तीचं, बगलेत मोकळं कापलेलं जॅकेट वल्हवताना अडत नाही. कमरेचा पट्टा असतो तोही बघितला. दोरी ओढली की छोट्या सिलिंडरमधल्या वायूने फुगतो, मग डोक्यातून घालायचा. दिसायला सुटसुटीत, पण पाण्यात दचकलेल्या माणसाला एवढी कामं क्रमाने करावी लागतात. मुलांसाठी तर विचारही नको. मी जॅकेटच घालते.

बॅग बरी आहे. सगळं भरल्यावर १४ किलो होते, पट्टे रुंद आहेत, चाकं छोटी आणि शोभेची. गाडीपासून पाण्यापर्यंत न्यायला ठीक, डोंगर चढायला नाही.

टिकाऊपणाबद्दल एक प्रसंग सांगते. काही महिन्यांनी रात्रभरात हवा कमी व्हायला लागली. सकाळी बोर्ड दाबला की बोट आत जायचं. भांड्याच्या साबणाचं पाणी करून ब्रशने आधी सगळ्या जोडांवरून फिरवलं, काही नाही. मग व्हॉल्व्हच्या कडेला लावलं, तर एका बाजूने बारीक बुडबुड्यांची माळ उठली. दुरुस्तीच्या डबीत जो दातेरी प्लॅस्टिकचा पाना असतो, तो हवा काढून व्हॉल्व्हमध्ये घालून पाव फेरा आवळला. थांबलं. तेव्हा हवा कमी व्हायला लागली की आधी व्हॉल्व्ह बघा, बोर्ड फाटला म्हणून रडायला नंतर बसा. डबीतले पीव्हीसीचे तुकडे अजून वापरावे लागले नाहीत. डबीत गोंद नाही, म्हणजे तुकडे कशाने चिकटवायचे हे कंपनीलाच ठाऊक. पीव्हीसीचा गोंद वेगळा आणून ठेवलाय. बोर्ड ओला गुंडाळला की वास मारतो, एवढं सोडलं तर जोड, पॅड, कड्या सगळं जागच्या जागी आहे.

मग घ्यावा का? तुमचं वजन ७५-८० किलोंच्या आत असेल आणि साचलेल्या पाण्यात फिरायचं असेल, तर घ्या, फक्त वल्ह्याचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवा. बोर्ड आणि बाकीचं सामान सुटं मिळत असेल तर आणखी चांगलं. खांदा किंवा मनगट दुखरं असेल तर बोर्डात थोडी तडजोड करा, वल्ह्यात नको. नव्वदीच्या पुढच्यांनी हा बोर्ड सोडून द्यावा. त्यांना ११ फूट किंवा त्याहून लांब, ३३-३४ इंच रुंद आणि कडेला ताठपणासाठी जादा पट्टी दिलेला बोर्ड लागतो. नवरा सध्या तसलाच शोधतोय. त्याचं सगळं वेगळं येणार आहे, वल्हं, फिन, कमरेची लीश. विजेचा पंप मात्र माझा आहे आणि मागितल्याशिवाय मिळणार नाही.